लाकूड अजून ओलं आहे

७ जून

मामा,

हातातली पटाशी खाली ठेव आणि आधी बस. बसलास? मी मॅनेजर झालो! सहायक नाही, कुणाच्या जागी चार दिवस नाही. पहिल्या श्रेणीच्या फुटबॉल क्लबचा पुरता मॅनेजर. करवतीच्या मशीनने तुझे कान खाल्ले नसते तर फोनवर ओरडून सांगितलं असतं. आता पत्र पोचेपर्यंत आठवडाभर मीच फुटत बसणार.

करार तीन वर्षांचा आहे. माझ्या आधीचा पाच महिने टिकला, त्याच्या आधीचा चार. पण तुमची गोष्ट वेगळी, असं अध्यक्ष स्वतः म्हणाले. हात सोडेचनात माझा.

घर दोन खोल्यांचं, शाळा समोरच. खारूताईची ही पाचवी शाळा. दहा वर्षांच्या पोरीला पाच गावं दाखवली मी. तिचा तो चिकटपट्टी लावलेला खोका आठवतो ना? मागच्या दोन गावांत तिने तो उघडलाच नाही. म्हणते, "परत भरायचाच असतो, मग उघडायचा कशाला?" मी म्हटलं, या वेळी तीन वर्षं हलायचं नाही, बाई, उघड. तर म्हणाली, "बाबा, तुझ्या दारावर नेहमी कागदाची चिठ्ठी असते. खरी पाटी लागू दे, मग उघडते."

म्हणून तुला काम सांगतोय. मला लाकडाची पाटी कोरून दे. पूर्ण नाव, तुझ्या हातची अक्षरं. पोरीला शब्द दिलाय, मामा.

तुझा टिल्ल्या

१९ जून

टिल्ल्या,

पत्र वाचलं, मशीन बंद केलं आणि आख्ख्या वर्कशॉपला चहा पाजला. ज्या पोराला चिंध्यांचा बॉल शिवून दिला, तो आता अकरा धिप्पाड गड्यांना पळवणार! तुझी आई असती तर तिने रडून घर भरलं असतं. तिच्या वाटणीचं मी थोडंसं रडून घेतलं, भुशात काही दिसत नाही.

आता थोडं ऐक. तुमची लीग वेगळी, आमची वेगळी, पण दारं सगळीकडे सारखीच. आमच्या क्लबात मी एकतीस वर्षं सुतार आहे. तेवढ्यात मॅनेजर झाले बावीस. अध्यक्ष झाले तीन आणि वर्कशॉपची मांजरं चार. मॅनेजरच्या दाराला पहिल्या दहा वर्षांत इतके स्क्रू मारले आणि काढले की दाराची चाळण झाली. भुसा आणि सरस कालवून भोकं बुजवायचो, तोवर पुढचा गडी दारात उभा: "मामा, टेबल जरा फिरवता का?" एकाला खिडकीकडे तोंड हवं, दुसऱ्याला खिडकीकडे पाठ. नाचता येईना अंगण वाकडं, तसं जिंकता येईना टेबल वाकडं. शेवटी मी दाराला खाच असलेली पट्टी बसवली. कार्ड सरकवायचं, कार्ड काढायचं. सगळ्यांनी वाखाणलं. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पाटीसाठी सागाची फळी आहे माझ्याकडे. पण लाकूड अजून ओलं आहे. ओल्यावर कोरलं की अक्षरं फुगतात. थोडं वाळू दे.

जिंकलास तर हळू चाल. हरलास तर घरी जाऊन जेव.

मामा

१७ ऑगस्ट

मामा,

तीन सामने, तीन विजय! गुणतक्त्यात आपण दुसरे. इथला न्हावी माझे केस कापताना मान तिरकी करून बघतो, जसा काही पुतळाच घडवतोय. पैसे घेईना. रस्त्यात एक आजी थांबवून म्हणाली, "तुमच्यामुळे आमचे हे घरात हसायला लागलेत."

टेबल खिडकीकडे तोंड करून ठेवलंय. हसू नकोस.

लाकूड वाळलं का? खारूताई शाळेतून येता येता रोज क्लबात डोकावून दार बघते. कार्ड दिसलं की पाठ फिरवून घरी जाते.

टिल्ल्या

२९ ऑगस्ट

टिल्ल्या,

शाब्बास! पण न्हाव्याला पैसे देत जा. फुकट कापलेले केस पुढे महाग पडतात. नव्याचे नऊ दिवस असतात, दहाव्या दिवसासाठी माणूस राखून ठेवावा.

फळीत मध्येच एक गाठ निघाली. पाऊसही थांबत नाही इकडे. अजून ओल आहे.

मामा

१४ ऑक्टोबर

मामा,

पाच सामने हरलो. एक बरोबरीत सुटला, तोही समोरच्याने स्वतःच्याच जाळ्यात बॉल मारला म्हणून. न्हावी आता पैसे घेतो, आणि मान कापल्यासारखे केस कापतो. काल अध्यक्षांनी पत्रकारांना सांगितलं, की माझ्यावर त्यांचा पूर्ण विश्वास आहे. ते ऐकून माझ्या सहायकाने माझ्याकडे असं पाहिलं, जसं घरात कुणी गेल्यावर पाहतात.

माझं सगळं ठीक आहे. काळजी नको. जरा शांतपणे विचार करता यावा म्हणून खोलीच्या दाराला आतून कडी लावून घेतलीय, बस.

पण एक विचारतो. चार महिने झाले. तू तीन दिवसांत लग्नाचा पलंग करणारा माणूस. तुझं लाकूड चार महिन्यांत वाळत नाही? खरं सांग मामा, तुला वाटतंय ना, मी टिकणार नाही? सगळ्या गावाला वाटतं, ठीक आहे. तुलाही?

पाटी राहू दे. पोरीला मी काहीतरी सांगेन.

टिल्ल्या

२२ ऑक्टोबर

सूनबाई,

हे पत्र तुला एकटीला. टिल्ल्याला दाखवू नकोस.

ती फळी अकरा वर्षांपासून वाळलेली आहे. तुमच्या लग्नानंतर घेऊन ठेवली होती. ओल फळीत नव्हती, माझ्या मनात होती.

आमच्या क्लबात तेरावा मॅनेजर होता. भला माणूस, सकाळी वर्कशॉपच्या दारात उभा राहून माझ्याशी चहा प्यायचा. त्याच्यासाठी मी हौसेने पाटी कोरली. आठ दिवस खपलो. पाटी घेऊन जिना चढतोय, तर तो सामानाचा खोका घेऊन जिना उतरतोय. मधल्या पायरीवर गाठ पडली. त्याने पाटी पाहिली, अक्षरांवरून बोट फिरवलं, म्हणाला, "मामा, सुरेख झालीय हो," आणि ती काखेत मारून बसच्या थांब्यावर जाऊन उभा राहिला. मी वरून बघत होतो. बस येईना, आणि पाटीवरचं नाव सगळ्यांना वाचता येत होतं. तेव्हापासून मी कुणाची पाटी कोरली नाही. टिल्ल्याची कोरायला घेतली की हात थांबतो. वाटतं, ह्याच्यासाठीही बस येईल.

आणि आता ती कडी. बाविसांतल्या सतरा जणांनी मला आतून कडी लावायला सांगितली. कडी लागली की पुढे पाच-सहा आठवडे, फार तर सात. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. सांगू तरी कसं?

तू खरं काय ते कळव. तो जेवतो का?

मामा

१ नोव्हेंबर

मामा,

नमस्कार. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर मीही 'सगळं ठीक' म्हणायला शिकलेय.

जेवतात, पण उभ्याने. बसले तर ताटापुढे चमच्यांचे बचावपटू मांडतात आणि मिठाच्या बरणीला गोलकीपर करतात. परवा मी मीठ घ्यायला हात घातला तर म्हणाले, "थांब, कॉर्नर आहे." हसू आलं, आणि लगेच रडूही आलं. झोप नाही. केस तर न्हावी नेतोच आहे, उरलेले उशीवर सापडतात. आणि परवा पाहिलं, खारूताईने खोक्याला जुन्या पट्टीवरून आणखी एक पट्टी मारलीय.

मामा, लहान तोंडी मोठा घास घेते. ते टिकतील का, हे त्यांनी पाटी मागताना तुम्हाला विचारलंच नव्हतं. ते अध्यक्षांना ठाऊक, गोलकीपरला ठाऊक. त्यांना फक्त मामाच्या हातची अक्षरं हवी होती. टिकणाऱ्यालाच नाव असतं असं थोडंच आहे?

पाठवून द्या पाटी.

तुमची सूनबाई

१२ नोव्हेंबर

टिल्ल्या,

सोबत पाटी. लाकूड कधीच वाळलं होतं, मी खोटं बोललो. कान धरतो. तू टिकणार नाहीस असं मला वाटलं नाही. तू जाशील तेव्हा मला बघवणार नाही, असं वाटलं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण भित्र्या माणसाला त्या एकच दिसतात.

ही पाटी मी खाचेची केली नाही, स्क्रूचीही नाही. मागे सागाच्याच दोन जाड खुंट्या ठेवल्यात. दाराला आरपार भोकं पाडायची, खुंट्या घालायच्या, सरस लावायचा आणि आतून पाचरी ठोकायच्या. तुमच्या शिपायासाठी चित्र काढून पार्सलमध्ये ठेवलंय. एकदा बसली की बसली. बावीस जणांना काढता येईल अशी पाटी दिली, भाच्याला न निघणारी देतो.

पार्सल क्लबाच्या पत्त्यावर पाठवतोय, म्हणजे थेट दारावरच लागेल. खारूताईला दाखव.

मामा

२९ नोव्हेंबर

मामा,

आधी एक सांगतो, मी ठणठणीत आहे. आता ऐक.

वीस तारखेला मला काढलं. अध्यक्षांनी बोलावलं, चार मिनिटं आभार मानले, त्यातली दोन चष्मा शोधण्यात गेली. खोलीत गेलो, खोका भरला. सवयीने आतून कडी लावली, आणि लक्षात आलं की आता बाहेर कुणी उभंच नाही. कडी काढली. घरी आलो, बूट काढले, दुपारी तीनला आडवा झालो, तो दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला उठलो. उठून बसून जेवलो. सूनबाई तुझी समोर बसून नुसती बघत होती. म्हणाली, "मीठ घेऊ का?"

तेवीसला तुझं पार्सल क्लबात पोचलं. वर काय लिहिलंस तू? 'मॅनेजरच्या खोलीच्या दारासाठी, तातडीचे.' शिपाई बिचारा आज्ञाधारक. नवा मॅनेजर संध्याकाळी यायचा होता. ह्याने तुझं चित्र बघून भोकं पाडली, सरस ओतला, पाचरी ठोकल्या, वरून पॉलिश मारलं. नाव वाचायची त्याला गरज वाटली नाही, दर वेळी वेगळंच असतं म्हणे.

आता नवा मॅनेजर माझ्या नावामागे बसतो! दोन सुतार आले, पाटी हलेना. एकाची पटाशी तुटली. लोक दार वाजवून माझंच नाव घेतात आणि तो आतून "या" म्हणतो. शिपाई घरी येऊन हे सांगत होता, आणि मामा, मी इतका हसलो की खुर्चीवरून खाली आलो. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

एकच गोष्ट हसण्यासारखी नाही. खारूताईने ती पाटी पाहिली. घरी येऊन म्हणाली, "बाबा, पाटी लागली. पण तू आत नाहीयेस." खोका तसाच आहे.

दोन क्लबांचे फोन आलेत. दोन्ही लांबच्या गावचे. सहावी शाळा. काय करू?

टिल्ल्या

८ डिसेंबर

टिल्ल्या,

शिपायाला माझा सलाम कळव. माझ्या हातच्या कामाला आजवर एवढा मान कुणी दिला नव्हता.

तुझं पत्र आलं तेव्हा मी भीत भीत फोडलं, आणि वाचून झाल्यावर असा हलका झालो जसा दात पडलेला माणूस. दुखणं दाताचं होतं रे, तोंडाचं नव्हतं. सुंठीवाचून खोकला गेला म्हण.

काय करू विचारतोस, तर मी सुतार आहे, मला एवढंच कळतं: झाड एकदा काढून दुसरीकडे लावलं तर धरतं. पाच वेळा उपटलं तर झाडाचा दोष नसतो. बाकी तुझं तू ठरव. मी ठरवायला बसलो तर पुन्हा चार महिने लाकूड वाळवत राहीन.

मामा

३ फेब्रुवारी

मामा,

नवा मॅनेजरही गेला! साडेनऊ आठवडे. जाताना त्याने शिपायाला सांगितलं म्हणे, "ज्याचं नाव आहे त्यालाच बोलवा."

काल अध्यक्ष स्वतः घरी आले. फळांची करंडी घेऊन. म्हणाले, "झालं गेलं विसरा. पाटी तुमचीच आहे, निघतही नाही. दैवाचीच इच्छा दिसते. या वेळी पूर्ण मोकळीक." खरं सांगतो, माझं मन हललं. तो मैदानाचा वास, ते दिवे, चाळीस हजार माणसांचा एकच श्वास. तोंडातून 'हो' निघणारच होतं.

तेवढ्यात सहज आतल्या दाराकडे नजर गेली. खारूताई उभी होती. रागावलेली नव्हती, रडत नव्हती. तिच्या हातात चिकटपट्टीचं रीळ होतं. तयारीत उभी होती, मामा. बाप 'हो' म्हणाला की भरायला सुरुवात.

मी अध्यक्षांना म्हटलं, "नाही जमणार." दोन शब्द. ते बाहेर पडले आणि छातीवरची फळी उचलल्यासारखं झालं. सूनबाईने आत जाऊन चहाचं भांडं एवढ्या जोरात ठेवलं, की ते आनंदाने ठेवलंय हे अध्यक्षांनाही कळलं.

झालंय असं, की समोरच्या शाळेतले खेळाचे सर डिसेंबरात निवृत्त झाले. मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, मी महिनाभर पोरांना खेळवतोय. आता कायमचं घ्या म्हणतात. खारूताई गोलकीपर आहे. गेल्या शनिवारी सात गोल खाऊन नाचत घरी आली, कारण आठवा अडवला.

अध्यक्षांकडे एकच मागणं केलं. माझी पाटी मला द्या. म्हणाले, "न्या, निघाली तर." तू येशील का?

टिल्ल्या

१० मार्च

टिल्ल्या आणि सूनबाई,

सुखरूप पोचलो. सूनबाई, बरोबर दिलेला डबा रेल्वेतच संपला, लाज वाटली नाही.

टिल्ल्या, तू बाहेर अंगणात थांबला होतास, तेव्हा आत काय झालं ते गडबडीत सांगायचं राहिलं. मी अर्धा तास खटपट केली. माझंच काम, मलाच निघेना. शिपाई बाजूला उभा राहून म्हणतो, "मामा, काम चोख केलंय हो मी." म्हटलं, "तेच तर बोंबललं!" शेवटी पाटीभोवती करवत फिरवून दाराचा चौकोनच कापला. दाराला खिडकी पडली. त्या खिडकीतून बघतो तर आत, मागच्या दाराने आलेला तिसरा मॅनेजर! पहिलाच दिवस त्याचा. तरणा पोरगा, नवा कोट. मला वाटलं ओरडणार. तर जवळ येऊन हळूच विचारतो, "मामा, नव्या दाराला आतून एक कडी लावाल का?"

जुनी कडी तेव्हा माझ्याच खिशात होती, करवत घेण्याआधी आतून काढून ठेवलेली. तरी म्हटलं, "कडी नाही बाबा माझ्याकडे. घरी जाऊन बसून जेवत जा." त्याने काय ऐकलं देव जाणे. संध्याकाळी त्याचं नवं दार आलं, त्याला खाचेची पट्टी बसवून आलो. शेवटी व्यवहारही बघावा लागतो.

ती कडी आता माझ्या खिळ्यांच्या डब्यात आहे. तिथेच राहील.

मामा

२८ मार्च

मामाआजोबा,

बाबाने तुझी पाटी शाळेतल्या बॉलच्या खोलीच्या दाराला लावली. दाराच्या तुकड्यासकट लावली, त्यामुळे दारावर दार दिसतं. सगळे हसतात. तो शिपाईकाका मदतीला आला होता, त्याने या वेळी आधी नाव वाचलं. दोनदा.

मी जाऊन बघितलं. पाटी लागलेली होती आणि बाबा आत होता. बॉल मोजत होता. मी दार वाजवलं तर म्हणाला, "या."

मग मी घरी येऊन खोका उघडला. आईने कात्री दिली. पट्टी चार थरांची होती. आत माझे दगड होते, जुन्या गावांतले, आणि दोन पुस्तकं, ती आता मला लहान होतात. आणि एक बाहुली, तिला मी विसरलेच होते.

आता खोका रिकामा आहे. आई त्याचं काय करायचं विचारते. पण वस्तू ठेवायला जागा नाही. मला एक फळी पाहिजे. मी पट्टीने मोजलं. लांबी नव्वद, रुंदी पंचवीस, खिडकीच्या उजव्या बाजूला. दगड जड आहेत. खाचेची करू नकोस. खुंट्यांची कर, पाचरी ठोकून.

किती महिने लागतील?

खारूताई

५ एप्रिल

खारूताई,

लाकूड वाळलंय. निघालोच.

मामाआजोबा